लग्नांनी रंगवलेलं फाटक

आमच्या चर्चच्या कमानीला रंग देतात ते नवरीकडचे. रविवारच्या भक्तीत पाळकसाहेबांनी लग्नाची सूचना वाचली की त्याच आठवड्यात नवरीची आई रंगाच्या दुकानात उभी. रंग कोणता ते नवरीनं ठरवायचं, आणि त्यात कुणीच बोलायचं नाही. दगडी कमान आणि तिच्यातलं लोखंडी फाटक, दोन्ही एकाच ऑइलपेंटनं. काम हळदीच्या आदल्या दिवशी संपलं पाहिजे, नाहीतर हळदीचे हात ओल्या रंगाला लागतात आणि मग जेवणाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांच्या कपड्यांवर एकच नक्षी. हो, आमच्यात हळद असते. कुणाला नवल वाटत असेल तर वाटू द्या.

ही रीत कुणी पाडली ते कुणालाच माहीत नाही. चर्च निजामाच्या राज्यातलं, परदेशी मिशनऱ्यांनी बांधलेलं. त्यांनी असली रीत पाडली नसणार, त्यांना पांढऱ्या चुन्यापलीकडे काही सुचलं नसतं. ही आमच्या बायांची. मावशीचा रंग आकाशी. माझ्या आईचा शेवाळी. आई म्हणायची, दुकानात तेवढाच शिल्लक होता. मावशी म्हणायची, खोटं बोलायली, हिलाच हौस होती शेवाळाची.

नाताळाला माहेरी आलेल्या पोरी भक्ती सुटली की फाटकापाशी घोळका करायच्या. उजव्या दाराच्या बिजागरीजवळ रंगाचा एक जाड पोपडा उडालेला होता आणि त्याच्या कडेला सगळे थर दिसायचे, एकावर एक रचलेल्या पत्रावळींच्या गठ्ठ्यासारखे. केसांतली पिन काढायची आणि आपला थर शोधायचा.

'हा बघ माझा. गुलाबी.'

'गुलाबी न्हाई गं, तो तुझ्या बहिणीचा. तुझा त्याच्या खाली. मातकट.'

'मातकट तुझं तोंड!'

मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे मला तिथं शोधायला काहीच नव्हतं. 'तुझा रंग कधी?' हा प्रश्न मात्र दर नाताळाला ठरलेला. मी म्हणायचे, माझा लाल, आणि तो मी मोर्च्यात लावते. बायांना हा विनोद पहिल्या वर्षी आवडला होता.

मी शिकायला नांदेडला गेले आणि तिथं संघटनेत पडले. पत्रक लिहायला मला नांदेडनं शिकवलं. वसतिगृहाचं पाणी, बंद पडलेली एसटीची फेरी, परीक्षेचे गोंधळ, सगळ्यावर पत्रकं. मागणी पहिल्याच ओळीत. 'कदाचित' हा शब्द वापरायचा नाही. ज्याच्याकडे मागायचं त्याला जे कळतं तेच बोलायचं, आपल्याला काय वाटतं ते नाही. हा शेवटचा धडा मी चांगलाच गिरवला होता. त्याचं काय झालं तेच इथं सांगायचं आहे.

जानेवारीत मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून माझं माहेर, सासर, काय म्हणाल ते तीच. चर्चच्या फाटकाची किल्ली तिच्याकडे असते.

'आपल्या कमानीला कुणीतरी रंग लावून गेलंय.'

'आता कुणाचं लग्न?'

'लग्न न्हाई गं बाई. लाल फुली हाय.'

आमचं गाव लातूरहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर, तालुक्याचं. रस्ता रुंद होणार हे वर्षानुवर्षं ऐकत होतो. चर्चची इमारत चांगली आत आहे, तिला धक्का नव्हता. कमान मात्र कंपाउंडच्या पुढे, रस्त्याच्या अगदी कडेला. फुली तिच्यावर होती आणि तिच्या शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानावर. ते दुकान चाचांचं. चाचा माझ्या लहानपणापासून तिथंच आहेत. चष्म्याच्या काचा काळ्या, दाढी पांढरी आणि तोंड सतत चालू.

मावशीला कमान का हवी होती ते आधी सांगते. तिला दोन मुली. थोरलीचं लग्न कोरोनाच्या बंदीत झालं, चर्चच्या मागच्या खोलीत, चारचौघांत, तोंडाला फडकं बांधून. रंगाची दुकानं बंद होती. आमच्या मंडळीत रंगाविना सासरी गेलेली ती एकटी, आणि मावशीनं ते मनाला फार लावून घेतलं होतं. आता धाकटीचं जमलं होतं. मुलगा धर्माबादचा, लग्न मे महिन्यात, ईस्टर झाल्यावर. धाकटीनं रंगही ठरवून टाकला होता: मोरपंखी. मावशीला बाकी काही नको होतं. धाकटीनं मोरपंखी कमानीखालून बाहेर पडावं, एवढंच.

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गावी आले आणि आल्या आल्या पत्रक लिहिलं. चर्चच्या कचेरीत भिंतीवर एक जुना फोटो आहे, काळा-पांढरा, वाळवीनं कोपरा खाल्लेला. त्यात कमान दिसते. खांबांवर वेल, वरती मधोमध कोकरू, आणि फाटक सगळं लोखंडी पानांनी भरलेलं. मी त्या फोटोवरून लिहिलं. निजामकालीन कोरीव कमान. घडीव लोखंडाचं कोरीव फाटक. मराठवाड्याच्या कोरीव वारशावर घाला. 'कोरीव' हा शब्द ओळीआड. का, तर साहेबांना तो कळतो. 'आमच्या बाया हिच्याखालून सासरी जातात' हे वाक्य मी लिहिलं नाही. ते वाचून कुणाचा नकाशा बदलला असता?

पत्रक नगरपरिषदेत दिलं, तहसीलला दिलं, चहाच्या टपऱ्यांवर वाटलं. आणि काय आश्चर्य, त्याचा परिणाम झाला. एक इंजिनियर आला. भोकरकडचा, माझ्याच वयाचा, बोलायला मऊ. हातात माझंच पत्रक.

'मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना?'

'हो.'

त्यानं वर पाहिलं. खाली पाहिलं. फाटकाभोवती एक चक्कर मारली.

'कोरीव कुठंय?'

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. मी, मावशी, पाळकसाहेब, आणि दुकानाच्या दारात येऊन उभे राहिलेले चाचा. जन्मापासून जी कमान बघत आले ती मला त्या दिवशी पहिल्यांदा परक्याच्या डोळ्यांनी दिसली. लिंपून लिंपून गोल झालेली चूल असते ना, तशी. शेवटचा रंग लिंबाळी होता. त्याच्याखाली वेल नव्हता, कोकरू नव्हतं, नुसते उंचवटे होते. फाटकाची पानं कडेनं जाड होऊन एकमेकांना चिकटलेली, गुळाच्या पाकात बुडवून काढल्यासारखी.

चाचा खदखदून हसले. 'बेटी, तुझ्या पत्रकातली कमान दुसऱ्या गावची दिसायली.'

'रंगाच्या खाली आहे,' मी म्हणाले.

'रंगाच्या खाली तर माझं दुकान बी ताजमहाल हाय.'

इंजिनियर हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो म्हणाला, समोरच्या अंगाला सरकारी पडीक जागा आहे, रस्त्याची रेघ थोडी तिकडे सरकवता येईल. पण त्यासाठी त्याला वर लिहावं लागेल, आणि वर लिहायला कोरीवकाम दिसलं पाहिजे. जुन्या फोटोवर साहेब विश्वास ठेवणार नाहीत. 'दगड दाखवा. पुढच्या सोमवारी मी परत येतो.'

तो गेल्यावर मला इतका राग आला होता की पाळकसाहेबांनी दिलेला चहा मी तसाच ठेवला. राग त्याच्यावर नव्हता. राग या गोष्टीचा, की आपल्या दारात आपलं फाटक उभं राहावं म्हणून ते देखणं आहे हे सिद्ध करायचं. कुरूप माणसाला घर नसतं का? पण त्या रागाचं मी काय केलं? काही नाही. राग गिळला आणि कामाला लागले. खरवडायचं ठरवलं.

रविवारी भक्तीनंतर लिंबाखाली मंडळीची सभा झाली. पुरुषांचं पटकन ठरलं, त्यांचं काही जात नव्हतं. बाया गप्प. मग मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं, त्या आमच्या मंडळीत सगळ्यात वडील, उठून विचारलं, 'खरवडायचं म्हंजे काय? माझं लगीन खरवडायचं?'

'आजी, लग्न तसंच राहतं, रंग जातो,' एक जण म्हणाला.

'नवरा केव्हाच गेला. रंगच ऱ्हायला होता.'

बाया हसल्या. आजीबाई हसल्या नाहीत.

मी उभी राहिले. सभेत उभं राहून बोलणं मला येतं, तेवढंच येतं. मी म्हणाले, 'रंग वाचवायचा का कमान, तेवढं एक ठरवा. दोन्ही वाचत नाहीत.'

'तुला कुणी सांगितलं दोन्ही वाचत न्हाईत म्हणून?' मावशी म्हणाली. माझ्याविरुद्ध ती चारचौघांत कधी बोलत नाही.

'मावशी, सोमवारी तो येणार आहे. लिंबाळी रंगाला बघून रस्ता वळवणार आहे का तो?'

मावशी बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत बसली. शेजारी धाकटी होती. मग मावशी म्हणाली, 'खरवडा. कमान ऱ्हायली तर पोरीचा रंग वर चढंल. कमानच न्हाई ऱ्हायली तर चढवायचा कशावर?'

हा हिशेब सगळ्यांना पटला. धाकटी तर टाळ्याच वाजवायची बाकी होती. 'म्हंजे माझा पहिला थर! सगळ्यात खालचा!' खालचा थर म्हणजे मान. तिच्यानंतरच्या साऱ्या नवऱ्या तिच्या मोरपंखीवर चढणार. आजीबाईंनीसुद्धा मान हलवली, आणि त्या आठवड्यात पहिला विळा घेऊन त्याच आल्या.

दगडाचं काम बायांनी केलं. कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून खळीसारखा घट्ट करायचा, गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवून कमानीवर थापायचे, तासा-दीड तासानं गोणपाट ओढलं की रंग सालीसारखा सुटून यायचा. मग बांबूच्या काड्यांनी खाचा साफ करायच्या. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या. वर शिडीवर धाकटी, खाली मी. लिंबाळी गेला, अबोली आला. अबोली गेला, दुधी आला. दर थराला खालून आरोळी: 'अगं, हा तर भोकरवालीचा!' मग कुणीतरी भोकरला दिलेल्या त्या पोरीला फोन लावायचं आणि ती तिकडून ओरडायची, 'एक तुकडा ठिवा माझ्यासाठी!' तुकडे ठेवता येत नव्हते. सोड्यानं ते शेंबडासारखे लिबलिबीत होऊन खाली पडायचे आणि पायाखाली सगळे रंग एक होऊन त्यांचा राखाडी चिखल व्हायचा. मावशीचा आकाशी त्यातच गेला. आईचा शेवाळीही. मी बघत होते. आत काही हललं नाही असं म्हणणार नाही, पण मी त्याला म्हटलं, नंतर. कामाच्या वेळी मी सगळ्यालाच नंतर म्हणते.

आणि मग दगड निघाला. काळा पाषाण, अजून धार असलेला. खांबांवर चढत गेलेला वेल. परदेशी नमुन्यात तो द्राक्षाचा असणार, पण आमच्याकडच्या पाथरवटानं तेव्हा द्राक्षाचा वेल कुठे पाहिलेला? त्यानं कारल्याचा कोरला होता. तीच कातरलेली पानं, तेच स्प्रिंगसारखे तणावे, आणि मधूनच लोंबणारं खडबडीत कारलं. वरती कोकरू. लांब कानांचं, गळ्यात घुंगरू बांधलेलं.

'हे कोकरू हाय का बाजारातलं बोकड?' धाकटीनं वरूनच विचारलं.

'देवाचं कोकरू आहे ते,' पाळकसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. 'जरा जपून बोल.'

'देवाचं बोकड म्हनते मग.'

शिडी हलेपर्यंत बाया हसल्या. इतकं चांगलं मला संघटनेच्या कुठल्याच विजयाच्या दिवशी वाटलं नव्हतं. आमचं होतं हे. कारलं, बोकड, घुंगरू, सगळं आमचं. आणि आम्हीच ते लग्नं लावून लावून झाकून टाकलं होतं. त्या दुपारी मला वाटलं, पत्रकात मी जे दगड न बघता, नुसत्या फोटोवरून लिहिलं होतं ते खरंच निघालं.

राहिलं फाटक. लोखंडावर सोडा चालेना, पानांच्या फटींत रंग दगडासारखा बसलेला. चाचा म्हणाले, 'ते माझ्याकडं सोडा. गॅसची नळी लावतो. दोन तासांत निघंल.'

'काही होणार नाही ना?' पाळकसाहेबांनी विचारलं.

'लोखंड हाय साहेब. लोखंडाला आगीनं काय होतंय? आगीतूनच तर आलं.'

मलाही ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. चाचांनी उजव्या दारापासून सुरुवात केली. निळी ज्योत लागली की रंगाला फोड यायचे, ते फुटून धूर निघायचा, वास असा की बाया तोंडाला पदर लावून मागे सरल्या. रंग ओघळून खाली टपकायला लागला. चाचांनी तारेचा ब्रश फिरवला आणि पहिलं पान दिसलं. पातळ, मधोमध शीर उठवलेलं, टोकाला वळलेलं. हातोड्यानं ठोकून केलेलं, कुठे जोड नाही. धाकटी म्हणाली, अगं हे बी कारल्याचंच. आणि ती बोट लावायला गेली तसं ते पान गळून पडलं.

'एखादं पान गळणारच,' मी म्हणाले.

चाचांनी पुन्हा ज्योत लावली. दुसरं गळलं. मग एक अख्खी डहाळी, पाच-सहा पानांची, अशी अलगद सुटली की आवाजही झाला नाही. चाचांनी ती उचलली आणि तळहातावर चुरली. आत लोखंड नव्हतंच. तपकिरी भुकटी होती, तपकिरीसारखीच, नाकाला लावावी अशी. त्यांनी नळी बंद केली, पण उजव्या दारातली जाळी तोवर आपल्याच वजनानं खचायला लागली होती. आम्ही चौघांनी हात लावून धरली. धरली तिथं ती आमच्या हातातच मोडली.

लोखंड केव्हाच गेलं होतं. दर पावसाळ्याचं पाणी पानांच्या सांध्यात मुरत गेलं होतं आणि आतल्या आत खाऊन टाकलं होतं. फाटक उभं होतं ते रंगावर. एकेका नवरीनं चढवलेला एकेक थर, त्यांची मिळून झालेली जाड साल, तिनं त्या पानांना धरून ठेवलं होतं. आम्ही ती साल काढली. मागे उभे चौकटीचे गज राहिले, आणि खाली चिखलात तपकिरी चुरा. बिजागरीपाशी पोरी जिथं पिनेनं खाजवायच्या ती जागासुद्धा राहिली नाही.

डावं दार अजून लिंबाळीच होतं. त्याला कुणी हात लावू दिला नाही. ते उतरवून चर्चच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलं आहे. एकटं दार लावणार कुठे?

मावशी एवढंच म्हणाली, 'असू दे. दगड हाय की.'

सोमवारी इंजिनियर आला. दगड बघून त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. भरपूर फोटो काढले. कारल्याला हात लावून बघितला. 'मॅडम, तुमचं खरं होतं,' म्हणाला. त्यानं खरंच वर लिहिलं, आणि वरच्यांनी खरंच ऐकलं. सरकारी काम इतक्या लवकर झालेलं आमच्या गावात कुणाला आठवत नाही. रेघ समोरच्या पडीक जागेत सरकली. नांदेडहून सोबत्यांचे फोन आले: जिंकलीस! या लढ्यावर एक पत्रक होऊन जाऊ दे.

रेघ सरकली, पण किती? कमानीपुरती. कमानीला वळसा घातला की रस्ता लगेच सरळ. चाचांचं दुकान त्या सरळ रेघेत आलं. पुढचा अर्धा भाग गेला. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, आपण याच्यावरही पत्रक काढू. चाचा पत्रा गोळा करत होते.

'काय लिहिशील?' ते म्हणाले. 'तुमच्या दगडावर कारलं हाय. माझ्या दुकानाला शटर. शटरवर नक्षी काढून ठेवायला पाहिजे होती, चुकलंच माझं.'

ते थट्टेनंच बोलत होते. त्यांच्या बोलण्यात माझ्याबद्दल कडवटपणा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. कारण ती रेघ मी ओढली होती. कोरीव आहे म्हणून वाचवा, असं मी लिहिलं, म्हणजे कोरीव नसेल ते पाडा हेही मीच लिहून दिलं. न लिहिता. पत्रकात एवढी जागा होती. 'ही दुकानं आमच्या शेजारची आहेत' एवढं वाक्य मावलं असतं.

मग एप्रिलमध्ये पत्र आलं. चांगलं पत्र, आदरानं लिहिलेलं. कमान जुन्या वास्तूंच्या यादीत घेण्याचा विचार चालू आहे, तोवर तिच्या मूळ दगडावर रंग, चुना किंवा कसलाही लेप लावू नये. सोबत एक निळी पाटी, खांबाशेजारी रोवायला.

पाळकसाहेबांनी ते भक्तीनंतर वाचून दाखवलं. मावशीला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं मला विचारलं, 'लेप म्हंजे?'

'मोरपंखी,' मी म्हणाले.

मावशी दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत गेली. मी बरोबर होते. इंजिनियरनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती म्हणाली, 'साहेब, एकच हात देते. लग्नापुरता. लगीन झालं की मीच सोडा लावून काढते, मला येतंय आता.'

'मावशी, माझ्या हातात नाही हो.'

'तुमच्याच हातात होतं की रस्ता वळवायचं.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला जे कळतं तेच मी त्याला सांगितलं होतं. त्याला तेवढंच कळत होतं यात त्याचा काय दोष? मी कधी त्याला सांगितलंच नाही की ही कमान कशाची आहे. बाहेर आल्यावर मी मावशीला म्हणाले, आपण याच्याविरुद्ध उभं राहू. रंगाचा हक्क. मी त्या संध्याकाळी लिहायला बसले सुद्धा. पहिल्या ओळीत मागणी लिहायची असते. 'निजामकालीन कोरीव कमान ऑइलपेंटनं रंगवू द्या.' माझं मलाच ते वाचवेना. तहसीलमध्ये माझं पहिलं पत्रक अजून फाइलला असेल. दोन्ही शेजारी ठेवून कुणीही हसलं असतं.

फाटकाच्या जागी आता स्टीलचं फाटक आहे. मंडळीतल्या पुण्यात असलेल्या एका कुटुंबानं बसवून दिलं, चकचकीत, सरकतं, देखभाल नको असं. धाकटी म्हणाली, मग त्यालाच लावू मोरपंखी. चाचा म्हणाले, 'लाव बेटी, पन स्टीलला धरणार न्हाई. पावसाच्या आत उतरंल.' तिनं नाही लावला. पावसाच्या आत उतरणारा रंग कुठली नवरी लावेल?

मे महिन्यात लग्न झालं. चांगलं झालं. जेवण चांगलं, वऱ्हाड धर्माबादहून वेळेवर आलं, बँडवाल्यांनी भांडण केलं नाही. लातूरचा फोटोवाला कमान बघून वेडाच झाला. 'काय जागा आहे! काळा दगड, त्यावर पांढरा ड्रेस, कसला उठून दिसतोय!' त्यानं धाकटीला कारल्याच्या वेलाशी टेकून उभं केलं, मग कोकराखाली, मग फाटकात वळून बघताना. तो म्हणाला, दुसऱ्या गावचे लोक लग्नाआधीचे फोटो काढायला इथं येतील. येतात. मागच्या आठवड्यात औशाचं एक जोडपं आलं होतं, मोठी छत्री आणि रिफ्लेक्टर घेऊन. पाळकसाहेबांची परवानगी घेतली, अर्धा तास थांबले, चहा पिऊन गेले. आमच्या मंडळीशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांच्या फोटोत कमान धाकटीच्या फोटोत आहे अगदी तशीच येणार.

लग्नाच्या दिवशी गाडी धर्माबादच्या रस्त्याला लागली, धूळ बसली, बाया परतल्या. मावशी कमानीखाली उभी राहिली. मी जवळ गेले. वाटलं रडत असेल, पण ती वर बघत होती.

'चांगली दिसायली,' ती म्हणाली.

'हो.'

'पन आज इथं लगीन झालं का न्हाई, हिच्याकडं बघून कायच कळंना बघ.'

मी मावशीच्या हातातून फाटकाची किल्ली घेतली आणि मांडवातल्या खुर्च्या उचलायला गेले. तिला म्हणाले, तू घरी जा, मी कुलूप लावून येते.